सिग्नलवरची थरथर : जुन्या मोटारीच्या अस्थिर आयडलिंगचे निदान

गिअर न्यूट्रलमध्ये आणि ॲक्सिलरेटर मोकळा असताना इंजिन ज्या सर्वांत कमी गतीने स्वतःच्या बळावर फिरत राहते, त्या अवस्थेला आयडलिंग म्हणतात; महाराष्ट्रातील गॅरेजांत तिचा उल्लेख नुसता ‘स्लो’ असा होतो. ‘गाडी स्लोला बंद पडते’, ‘स्लो वरखाली होतो’ आणि ‘स्लोला मिसिंग आहे’ या तिन्ही तक्रारी ऐकायला जवळपास सारख्या वाटल्या तरी त्या तीन निरनिराळ्या दोषांकडे बोट दाखवतात, आणि तिन्हींवर एकच उतारा म्हणून स्लोचा स्क्रू आवळून गती वाढवून देण्याची जी रूढी पडली आहे, तिच्यामुळे जुन्या गाड्यांचे जेवढे नुकसान झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असेल. वाढवलेल्या गतीत थरथर बुजते, गाडी सिग्नलवर बंद पडत नाही आणि मालक समाधानाने घरी जातो. दोष मात्र होता तेथेच राहतो आणि पुढे व्हॉल्व्ह जाळून किंवा पेट्रोलचा खर्च वाढवून परत येतो.

या विवेचनासाठी दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. पहिली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीचे जे रूप घडत गेले, त्याला १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे इंजिन १,०८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरचे आणि कार्ब्युरेटरवर चालणारे होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडच्या पद्मिनी मात्र आजही चालतात आणि त्यांचे सुटे भाग शोधणारे आजही कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवरील दुकाने पालथी घालतात. दुसरी गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० : ७९६ घनसेंटीमीटर, तीन सिलिंडर, आरंभी कार्ब्युरेटर आणि २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली पेट्रोल पुरवणारी रचना.

आयडलिंगला इंजिन चाकांसाठी काहीच काम करत नाही. जळणाऱ्या इंधनाची सारी शक्ती अंतर्गत घर्षण, तेलाचा पंप, पाण्याचा पंप, पंखा आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर यांच्यावर खर्च होते. थ्रॉटल, म्हणजे हवेच्या मार्गातील झडप, जवळजवळ पूर्ण बंद असते. पिस्टन हवा ओढत राहतात, ती पुरेशी मिळत नाही, आणि त्यामुळे झडपेच्या पलीकडे इनटेक मॅनिफोल्डमध्ये मोठी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, निर्माण होते. अशा तुटपुंज्या पुरवठ्यावर इंजिन तगून असताना कुठल्याशा गॅस्केटच्या फटीतून आत शिरलेली थोडीशी हवाही मिश्रणाचे प्रमाण बिघडवते. तीच फट साठ किलोमीटरच्या वेगाला कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तेव्हा थ्रॉटलमधून आत येणारी हवा तिच्या कितीतरी पट असते. म्हणून ‘हायवेला गाडी लोण्यासारखी चालते, फक्त सिग्नलला थरथरते’ हे मालकाचे म्हणणे नोंदवून ठेवावे असे असते, कारण त्या एका वाक्याने निम्मी कारणे बाजूला होतात आणि हवेची गळती, कार्ब्युरेटरचा मंदगतीचा मार्ग आणि नीट न बसणारे व्हॉल्व्ह ही तीन कारणे पुढे येतात.

यानंतरचे काम कानाचे. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या गतीला तो ४०० वेळा पेटतो, आणि चार सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. त्यांतला एकच सिलिंडर कायमचा गप्प असेल तर सेकंदाला सहा-सात वेळा, दर चौथ्या मात्रेला, जागा रिकामी जाते. तबलजीचा हात दर आवर्तनात त्याच बोलावर चुकावा तशी ही चूक ठरलेल्या ठिकाणीच येते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर ती हाताला स्पष्ट कळते. ताल नियमाने मोडत असेल तर दोष एका सिलिंडरपुरता असतो : त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह. तो कसाही, कुठेही मोडत असेल तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टीत असतो : मिश्रण, इग्निशन कॉइल, पॉइंट, पेट्रोलचा पुरवठा. आणि गती मोडत नसून लाटेसारखी चढत-उतरत असेल, तर मिश्रण एकदा पातळ आणि एकदा दाट होत असते, किंवा एमपीएफआय गाडीत नियंत्रक यंत्रणा सतत स्वतःलाच सावरत असते. निदानाच्या शास्त्रात याहून मोलाची विभागणी नाही, आणि तिला एका रुपयाचेही उपकरण लागत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गाडी थरथरते याचा अर्थ इंजिन चुकते असा होतोच असे नाही. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेले असते ती वयाने दगडासारखी कडक होतात किंवा चिरून बसतात, आणि मग निर्दोष चालणाऱ्या इंजिनाचे कंपनही स्टीअरिंगपर्यंत जाऊन पोचते. मारुती ८०० च्या बाबतीत तर तीन सिलिंडरचे मूळ गणितच वेगळे : क्रँकच्या दर २४० अंशांना एक स्फोट होतो आणि पिस्टनचा एक फटका १८० अंशांचा असतो, त्यामुळे दोन शक्तिफटक्यांच्या मधे ६० अंश कोणताच सिलिंडर क्रँकला ढकलत नसतो. या गाडीची मंद गतीतली किंचित थरथर जन्मजात आहे, आणि ती पूर्ण घालवण्याच्या नादात चांगले कार्ब्युरेटर बदलून टाकणे म्हणजे मालकाचा पैसा पाण्यात घालणे होय.

तक्रार केव्हा होते, हे विचारणेही तितकेच महत्त्वाचे. थंड इंजिन थरथरत असेल आणि तापल्यावर शांत होत असेल, तर चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी मिश्रण दाट करणारी झडप, नीट लागत नसतो किंवा मिश्रण मुळातच पातळ असते. उलट, थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड असेल, तर मिश्रण दाट असण्याचा, तापलेली कॉइल दगा देत असण्याचा किंवा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलून उघडणाऱ्या भागाची, फट उष्णतेने नाहीशी होत असण्याचा संशय घ्यावा लागतो. तक्रार फक्त पावसाळ्यात येत असेल तर शोध थेट इग्निशनच्या वायरांपासून सुरू करावा.

हवेच्या गळतीला गॅरेजच्या भाषेत ‘गाडी एअर घेते’ म्हणतात. जुन्या कार्ब्युरेटर गाडीत हवा शिरण्याच्या ठरलेल्या जागा आहेत : कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट, वारंवार अतिरेकी आवळण्याने वाकलेला त्याचा पाया, मॅनिफोल्डचे गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी व तिचा पडदा, ब्रेक बूस्टर असल्यास त्याची जाड नळी, आणि थ्रॉटल ज्या दांडीवर फिरतो ती दांडी. यातील शेवटची जागा सर्वाधिक दुर्लक्षित राहते. लाखो वेळा फिरून ती दांडी आणि तिचे भोक दोन्ही झिजलेली असतात. दोन बोटांत धरून तिला आडवी हलवून पाहिली तर खडखडाट हाताला जाणवतो. गॅस्केट बदलून, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटरचे बारीक भोक, साफ करूनही ‘स्लो पकडत नाही’ अशा गाडीत पुष्कळदा दोष येथे असतो, आणि लेथवर भोक मोठे करून नवे बुश बसवणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

गळती शोधण्याची जुनी रीत साधी आहे. इंजिन मंद गतीवर ठेवून संशयित सांध्यावर तेलाच्या डबीने दोन-चार थेंब सोडायचे. फट असेल तर व्हॅक्यूम ते तेल आत ओढतो, सांधा क्षणभर बंद होतो, इंजिनाचा आवाज बदलतो, आणि काही सेकंदांत सायलेन्सरमधून निळसर-पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ निघते. तो धूर दिसला की वादाला जागा उरत नाही. याच कामासाठी काही ठिकाणी पेट्रोल शिंपडले जाते. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ आणि उघड्या ठिणग्यांच्या सान्निध्यात तसे करणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते कदापि करू नये.

व्हॅक्यूम गेज हे उपकरण मराठी मुलखातील गॅरेजांत दुर्मीळ आहे, ही खेदाची गोष्ट आहे, कारण मॅनिफोल्डला जोडलेली ही एक सुई इंजिन न उघडता आतली हकीकत सांगते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन मंद गतीवर साधारण ४३० ते ५३० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम दाखवते आणि सुई स्थिर राहते. सुई स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. ठरावीक अंतराने ती एकदम खाली झुकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हळूहळू वरखाली तरंगत असेल तर मिश्रण. मात्र उंचीचा हिशेब विसरू नये. दर तीनशे मीटरला हे माप सुमारे २५ मिलिमीटरने घटते, त्यामुळे साधारण १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात तेच इंजिन शंभराहून अधिक मिलिमीटर कमी दाखवील. दादरला बेतलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण तेथील विरळ हवेत दाटही होते; घाट चढून गेलेली पद्मिनी हॉटेलच्या आवारात धडधडू लागली तर तेथल्या तेथे स्क्रूला हात लावण्यापेक्षा ती खाली उतरेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

इग्निशनकडे वळताना पावसाळ्याचा विचार अटळ ठरतो. डिस्ट्रिब्युटर, ज्याला अनेक मिस्त्री आजही डेल्को म्हणतात, कॉइलकडून आलेला हजारो व्होल्टचा दाब क्रमाने प्रत्येक प्लगला वाटतो; पद्मिनीत हा क्रम १-३-४-२ असा आहे. त्याच्या बेकेलाइटच्या टोपीला केसाएवढा तडा गेला आणि त्यात जुलैची ओल साठली की विजेला प्लगपेक्षा सोपी वाट सापडते, आणि तिने वारंवार तीच वाट धरल्यावर टोपीच्या आत कोळशाची बारीक, झाडाच्या मुळासारखी फाटे फुटलेली रेषा उमटते. कापडाने पुसून ती जात नाही. टोपी बदलावीच लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर जुन्या वायरांवरून निळसर ठिणग्या बॉडीकडे उड्या मारताना उघड्या डोळ्यांना दिसतात, आणि हा तपास दिवसा होऊ शकत नाही एवढीच त्याची अडचण.

पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडणारे दोन संपर्कबिंदू, यांतील फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. ती उत्पादकाने दिलेल्या मापाला फिलर गेजने लावावी, ब्लेडच्या अंदाजाने नव्हे. बिंदूंवर एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा तयार झाला असेल तर कंडेन्सर संपलेला असतो, आणि तो न बदलता नुसते पॉइंट घासून देणे म्हणजे आठवड्याभराची सोय. डिस्ट्रिब्युटरची दांडीच बुशमध्ये हलत असेल तर फट दर फेरीला बदलते आणि कितीही निगुतीने लावलेले टायमिंग टिकत नाही. सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत तुलनेची एक आयती सोय असते : गॅस पेटवायला अधिक जोरदार ठिणगी लागते, म्हणून पेट्रोलवर शांत आणि गॅसवर थरथरणाऱ्या गाडीत प्लग, वायरी आणि कॉइल आधी तपासावीत.

नियमित मिसिंगचा, म्हणजे न पेटणारा, सिलिंडर ओळखण्यासाठी प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या जातात. चालू सिलिंडरची वायर काढली की गती पडते. ज्याची काढूनही काही फरक पडत नाही तो मेलेला. काढलेली वायर अधांतरी न ठेवता बॉडीला अर्थ करावी, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ही चाचणी काही सेकंदांत उरकावी, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व तो खराब होतो. मग त्या सिलिंडरचा प्लग बाहेर काढून पाहावा. विटकरी-तपकिरी टोक म्हणजे प्रकृती ठीक, कोरडी काजळी म्हणजे मिश्रण दाट, ओला तेलकट थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल येते, आणि पांढुरके, फोड आल्यासारखे टोक म्हणजे मिश्रण पातळ व तापमान अधिक.

प्लग, वायर आणि ठिणगी ठीक असूनही सिलिंडर गप्प असेल तर प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडर दाब धरून ठेवतो की नाही याचा असतो. गेज लावून सर्व सिलिंडरांची मापे घ्यावीत; त्यांतील आकड्यापेक्षा आपसांतील तफावत महत्त्वाची, आणि ती दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेली की शोध घ्यावा. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा माप घेतल्यावर दाब वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फाटले. येथे टॅपेटविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. टकटक वाजणाऱ्या टॅपेटची मालक तक्रार करतात आणि गॅरेजवाला तो आवळून गप्प करतो. परंतु फट नाहीशी झाली की व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, मंद गतीला दाब गळतो आणि धगधगता वायू त्याची कड जाळतो. भारतातील चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर आले. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करत असे, म्हणून ज्या जुन्या इंजिनांच्या बैठका मऊ धातूच्या आहेत त्यांत व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो आणि टॅपेटची फट आपोआप, कोणताही आवाज न करता, कमी होत जाते. अशा गाडीचे टॅपेट आवाज येण्याची वाट न पाहता ठरावीक किलोमीटरला मोजणेच योग्य.

एमपीएफआय गाडीत स्लोचा स्क्रू फिरवण्याची सोय बहुधा नसते, आणि ही तिची मोठी कृपा आहे. तेथे बंद थ्रॉटलला वळसा घालून जाणारी हवा एक विद्युत झडप नियंत्रित करते. थ्रॉटलच्या कडेला आणि त्या झडपेच्या तोंडाशी काळा चिकट थर साचला की गती वरखाली होते, आणि योग्य द्रावणाने स्वच्छता केल्यावर पुष्कळदा सुधारते. मारुतीसारख्या ज्या गाड्या मॅनिफोल्डमधील दाब मोजून पेट्रोल ठरवतात, त्यांत हवेची गळती मिश्रण पातळ करण्याऐवजी गतीच वाढवते, कारण संगणक वाढलेली हवा मोजतो आणि तेवढे पेट्रोल अधिक देतो. कार्ब्युरेटरवर घडलेला मिस्त्री येथे नेमका फसतो.

पीयूसीच्या कागदाकडे कोणी निदानाचे साधन म्हणून पाहत नाही, पण तो तसा आहे, कारण पेट्रोल गाडीची ही तपासणी आयडलिंगवरच होते. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. मोनॉक्साइड चढलेले म्हणजे मिश्रण दाट. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरमसाट म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडते, अर्थात मिसिंग. जुने कागद जपून ठेवणाऱ्या मालकाजवळ गाडीच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षांचा आलेख असतो.

अलीकडे या सगळ्यात इथेनॉलची भर पडली आहे. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल करणाऱ्या महाराष्ट्राचा या धोरणाशी जवळचा संबंध आहे, आणि २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणून जेटमधून पूर्वीइतकेच इंधन सोडणाऱ्या कार्ब्युरेटरचे मिश्रण या पेट्रोलवर सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. आधीच काठावर चालणाऱ्या इंजिनात ते मंद गतीला थरथर म्हणून प्रकट होते. इथेनॉल जुने रबर फुगवते, टाकीतील ओल शोषून घेते आणि तळाशी साठलेला गाळ सोडवून फिल्टरकडे पाठवते. जुन्या गाडीच्या मालकांनी इंधनाच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

कार्ब्युरेटरचा मंदगतीचा मार्ग अतिशय अरुंद असतो. पायलट जेटचे भोक मिलिमीटरच्या निम्म्याच्या आसपास, आणि कचऱ्याचा एक कण ते अडवतो. ते हवेच्या दाबाने साफ करावे. तारेने खरवडलेल्या जेटचे माप कायमचे बिघडते. मिश्रणाचा स्क्रू आत-बाहेर फिरवूनही इंजिन काहीच प्रतिसाद देत नसेल, तर हा मार्ग बंद आहे किंवा थ्रॉटलच गरजेपेक्षा जास्त उघडा आहे, असे समजावे. स्लो वाढवलेल्या गाडीत दुसरी गोष्ट हमखास सापडते : झडप इतकी उघडलेली असते की पुढच्या गतीसाठी ठेवलेली भोके उघडी पडतात, इंजिन तेथून पेट्रोल ओढू लागते आणि मिश्रणाच्या स्क्रूचा ताबा सुटतो.

म्हणून गळती बंद झाल्यावर, ठिणगी सुधारल्यावर, टॅपेट मोजल्यावर आणि जेट साफ झाल्यावरच स्क्रूची पाळी येते. इंजिन पूर्ण तापलेले, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर जागेवर. मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळू लागेपर्यंत हळूहळू आत न्यावा, मग गती सर्वांत जास्त व सलग होईपर्यंत बाहेर आणावा, वाढलेली गती थ्रॉटलच्या, म्हणजे स्लोच्या, स्क्रूने उतरवावी, आणि हेच पुन्हा एकदा करावे. प्रत्येक पाव फेरीनंतर काही सेकंद थांबावे, कारण बदल इंजिनाच्या आवाजात उतरायला तेवढा वेळ लागतो. हेडलाइट लावूनही गाडी तग धरत असेल तर स्क्रू तेथेच राहू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ती पुन्हा सुरू करून पाहावी.